पाढा थांबला तेव्हा

मल्हारगंज, इंदूर
२ सप्टेंबर १९५३

डॉक्टर जयसिंगराव यांस,

वरती साष्टांग नमस्कार लिहिला नाही, तो विसरून नाही. लिहायचा नव्हता म्हणून लिहिला नाही.

मी भानुमती. तुमच्या मधल्या भावाची बायको. लग्न होऊन या घरात आले त्याला आठ वर्षं होतील, आणि या आठ वर्षांत मी तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही. तुम्ही दिवाणखान्यात आलात की मी मागच्या दाराने बाहेर. तुम्ही जेवायला बसलात की वाढणार मी, पण "अजून घे" म्हणणार आईसाहेब. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, सुनेचा आवाज निघायचा नाही, तोंडावरचा पदर हलायचा नाही, ही आपल्या घराची रीत. होळकरांच्या फौजेतल्या घराण्याची मोठी इभ्रतीची रीत. ती मी आज मोडते आहे. जनाबाई भाजी आणायला जाईल तेव्हा हे पत्र टपालाच्या डब्यात टाकून येईल, तिला मी शपथ घातली आहे.

आज सकाळी आईसाहेबांनी तुमचं ग्वाल्हेरचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. माझी धाकटी जाऊ, दौलतरावांची प्रेमलता, तिच्या पित्ताशयात खडे आहेत, दिवाळी झाली की तुम्ही स्वतः इंदूरला येऊन तिचं ऑपरेशन करणार. इथवर ठीक. पोर तीन महिने कळांनी वळवळते आहे, होऊन जाऊ दे. पण पुढे तुम्ही लिहिलंत, "भूल देण्याचं जे नवं औषध भानुमतीला इतकं छान मानवलं, तेच हिलाही देऊ."

मानवलं! माझ्या हातात चहाचं तबक होतं, ते सतरंजीवर उपडं झालं. आईसाहेब म्हणाल्या, काय गं ही धांदल. मी कपबश्या गोळा करत बसले, कारण तुमचं पत्र वाचलं जात असतानाही मला तोंड उघडायची परवानगी नाही.

तेव्हा आता ऐका. गेल्या पौषात असंच इंदूरला येऊन तुम्ही माझ्या पोटातली गाठ काढलीत, तेव्हा मी झोपलेली नव्हते. मी जागी होते. तुम्ही माझं पोट कापलंत ते मला कळत होतं. स्वप्नात कळतं तसं नाही, आत्ता टाक बोटाला रुततोय हे कळतंय तसं. डोळ्यांवर फडकं, घशात नळी, आणि अंग माझं नव्हतंच. मला ओरडायचं होतं. ते जमेना तेव्हा पायाचा अंगठा हलवायचा होता, नुसता अंगठा, म्हणजे कुणीतरी म्हणेल, अरे थांबा. तो हलला नाही. श्वाससुद्धा मी घेत नव्हते, कुणीतरी फुगा दाबून मला देत होतं. एकदा त्याने दाबायला उशीर केला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सुटले. मग त्याने दाबला.

तुम्ही आत हात घातलात तेव्हाचं मी लिहिणार नाही. ते लिहायला बसले तर हे पत्र पुरं होणार नाही.

शुद्धीवर आल्यावर मी आधी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "बाईजी, सपना देखा होगा." मग ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, दादासाहेबांसारखा सर्जन अख्ख्या मध्य भारतात नाही, आणि तू हे काय बोलतेस? आईसाहेबांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. झालं, विषय संपला. तुमच्या कानावर कुणी घातलंही नसेल, कारण या घरात तुमच्यापर्यंत फक्त चांगल्या गोष्टी पोचतात.

मला उत्तर पाहिजे. ह्यांना नाही, आईसाहेबांना नाही, मला. भानुमती, तू जागी होतीस, एवढं लिहा. आणि प्रेमलताचं तसं होऊ देणार नाही, हे लिहा. ते आलं नाही तर मी तिला त्या टेबलावर चढू देणार नाही. कशी अडवणार ते मला आज मालूम नाही, पण अडवीन.

भानुमती


मल्हारगंज
१६ सप्टेंबर १९५३

डॉक्टर जयसिंगराव,

उत्तर आलं. तुमच्या भावाच्या नावाने.

लिहिणारी मी, आणि उत्तर ह्यांना! माझं नाव पाकिटावर लिहायला तुमचा हात दुखला का? "भूल उतरताना चित्रविचित्र भास होतात, बायकांना जरा जास्त. शांत झोप लागायला तिला ब्रोमाइड दे. वाचन बंद कर. निवळेल. आणि प्रेमलताच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नका." ह्यांनी हे मला खिडकीकडे तोंड करून वाचून दाखवलं. मी विचारलं, माझ्यासाठी त्यात काय आहे? हे म्हणाले, "अब छोड ना, भानू." तुमचे भाऊ रागावले की मराठी बोलतात आणि घाबरले की हिंदी.

भास म्हणता? घ्या मग माझे भास.

तुम्ही सिस्टरवर चिडलात. म्हणालात, "ही कात्री आहे का अडकित्ता?" तिने दुसरी देताना ती खाली पडली, ठणकन आवाज झाला, आणि तुम्ही इंग्रजीत काहीतरी पुटपुटलात. शिकाऊ डॉक्टर पोरं उभी होती. त्यांना तुम्ही सांगितलंत की हे औषध म्हणजे मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या जंगली लोकांचं बाणाला लावायचं विष. जनावर जागच्या जागी लुळं पडतं, मग शिकारी निवांत येतो. पोरं हसली. मग म्हणालात, "बघा पोट कसं सैल पडलंय. एरवी किती रेटावं लागतं." मी देवासची, मराठी सातवी पास. दक्षिण अमेरिका नकाशात कुठल्या अंगाला आहे ते मला आजही सांगता यायचं नाही. मला हे कुठून कळलं, सांगा ना. ह्यांना विचारलं तर म्हणाले, पेपरात वाचलं असशील. म्हटलं, आणा तो पेपर. तर टोपी घालून बाहेर निघून गेले.

आणि मी निवळले की नाही तेही ऐकून घ्या. मला पाठीवर झोपता येत नाही. भिंतीला टेकून बसते, तशीच डुलकी लागते. स्पिरिटच्या वासाने ओकारी येते. जनाबाईच्या हातून पळी परातीत पडली की मी अशी किंचाळते की शेजारच्या बायका गच्चीवर येतात. ह्यांनी नुसता पोटावर हात ठेवला तरी मी त्यांना ढकलते, आणि मग हे दोन दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे मला आता तोंडावर पदर घेता येत नाही. डोळ्यांपुढे कपडा आला की श्वास बंद होतो. लुगड्याचा पदर असो की रेशमी शालू, मला ते इस्पितळाचं फडकंच वाटतं. आईसाहेब म्हणतात, ऑपरेशन पोटाचं झालं आणि लाज काढून नेली. दर बुधवारी मला खजरान्याच्या गणपतीला नेतात. तिथल्या कुणा बाबाकडून ताईत आणलाय, तो दंडाला बांधलाय. मी बांधू दिला. ताईत बांधताना निदान डोळे झाकावे लागत नाहीत.

घरात गणपती बसलेत. सगळं घर आरतीला उभं असतं आणि मी दाराशी, कारण कापराचा धूर नाकाशी आला की मला आत उभं राहवत नाही. प्रेमलता माझ्याकडे सारखी बघत असते. तिला तुम्ही काही कळू देऊ नका म्हणता. ती काय ठोंबी आहे?

मला उत्तर पाहिजे. माझ्या नावाने.

भानुमती


मल्हारगंज
१ ऑक्टोबर १९५३

डॉक्टर जयसिंगराव,

पुन्हा ह्यांच्याच नावाने! बरं, चालू द्या. पण या वेळी तुमचा सूर जरा उतरलाय. कात्री आठवली असणार. आता म्हणता, "सुरुवातीच्या गुंगीत तिच्या कानावर दोन शब्द पडले असतील." आणि मग पुरावा दिलाय. भूल देणारे रघुवीर डॉक्टर कसे पक्के आहेत त्याचा पुरावा. दंडातल्या शिरेतून झोपेचं औषध हळूहळू सोडायचं, पेशंटला मोठ्याने पाढा म्हणायला लावायचं, पाढा थांबला की पेशंट झोपला. "भानुमती बाराचा पाढा म्हणत होती. बारा सक बहात्तरला थांबली. निम्म्या औषधातच गेली, उरलेलं द्यावंच लागलं नाही. त्यानंतरच बाणाचं औषध दिलं. तेव्हा ती जागी असण्याचा सवालच नाही."

ह्यांनी वाचून झाल्यावर म्हटलं, बघ. मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. आणि माझ्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला की मी हसायला लागले. हसत सुटले. आईसाहेबांनी जनाबाईला पाणी आणायला पाठवलं, माझ्या डोक्यावर ओतायला.

अहो दादासाहेब, मी झोपले म्हणून थांबले नाही. तुम्ही आत आलात म्हणून थांबले!

रघुवीर डॉक्टर म्हणाले, बाई, येत असेल तो पाढा म्हणा, मोठ्याने. माझे वडील देवासच्या पागेत होते, त्यांनी आम्हा बहिणींकडून पाढे घोटून घेतलेले. मी बाराचा घेतला. भीती जावी म्हणून चांगला खणखणीत आवाज काढला. तेवढ्यात दार वाजलं. तुमचे बूट. तुम्ही दारातूनच म्हणालात, "अरे वा, आमच्या सूनबाईंना आवाज आहे तर! सात वर्षांत आज ऐकला." आणि हसलात. झालं, माझी जीभ टाळ्याला चिकटली. हात पट्ट्यांनी बांधलेले, डोक्यावर पदर नाही, अंगावर इस्पितळाचा झगा, आणि समोर जेठ! गप्प बसणं एवढंच माझ्या हातात होतं, ते मी केलं. डोळे मिटून घेतले आणि मनात पुढचं म्हणत राहिले. बारा साते चौऱ्याऐंशी. बारा आठे शहाण्णव. आणि रघुवीर डॉक्टर म्हणाले, "गेल्या, सर. निम्म्यातच काम झालं."

कसलं काम झालं! मी तिथेच होते. खानदानी सुनेसारखी, खालमानेने, तोंड मिटून पडले होते!

पौषापासून मी रोज विचार करते आहे की माझ्याच बाबतीत असं का. औषध शिळं होतं का, माझं रक्तच वेगळं आहे का, आईसाहेब म्हणतात तसं कुणाचं काही लागलंय का. आणि उत्तर हे! तुमच्या घराने मला मान खाली घालून गप्प राहायला शिकवलं आणि तुमच्याच इस्पितळाने त्या गप्प राहण्याला झोप समजून मला कापलं. रघुवीर डॉक्टरांना मी एक वेळ सोडते, त्यांना आपल्या घरची रीत काय मालूम. पण तुम्ही? तुमच्या बुटांचा आवाज आला की घरातल्या बायकांचं बोलणं बंद होतं, हे तुम्ही जन्मभर ऐकत आलात. तुमच्या बाबतीत बायका झोपतातच कशा हो, दारात पाऊल पडल्याबरोबर? तुमचा पायगुण म्हणायचा का?

आणि आता प्रेमलता. ती तर माझ्या वरताण. तुमची चाहूल लागली की तोंडातला घास तसाच धरून उभी राहते. तिला पाढे येत नाहीत, ती दुसरं काहीतरी म्हणेल. पण जे म्हणत असेल ते तुम्ही दारात आलात की थांबेल. आणि रघुवीर डॉक्टर म्हणतील, गेल्या, सर.

कळतंय का तुम्हाला? का हेही मी ह्यांच्यामार्फत सांगू?

भानुमती


मल्हारगंज
१० ऑक्टोबर १९५३

डॉक्टर जयसिंगराव,

या वेळी कुणालाच उत्तर नाही. ह्यांनासुद्धा नाही.

इथे मात्र निकाल लागलाय. आईसाहेबांना वाटत होतं, तुम्हाला हेच लिहितात; पत्रं माझी, ही गोष्ट जनाबाईच्या तोंडून फुटली. आईसाहेब म्हणाल्या, जेठाला चिठ्ठ्या लिहिणारी सून मी सात पिढ्यांत ऐकली नाही. प्रेमलताचं ऑपरेशन होईपर्यंत मला देवासला पाठवायचं ठरलंय. हवापालट म्हणे! देवासची हवा आणि इंदूरची हवा, मध्ये एक क्षिप्रा आडवी, काय पालट होणार आहे? मी इथे राहिले तर प्रेमलता बिथरेल, ही खरी भीती आहे.

ती बिथरलेलीच आहे. काल माडीवर गहू निवडत होतो तेव्हा तिने हळूच विचारलं, "जीजी, खरंच कळतं का हो, कापताना?" मी खोटं बोलणार होते. तोंडात आलंही होतं खोटं. पण तिचं तोंड बघून मी म्हटलं, "मला कळलं होतं. तुला कळू देणार नाही." ती म्हणाली, "पण दादासाहेबांना सांगणार कोण?" बघा, काय दरारा आहे तुमचा. मरणाच्या दारातसुद्धा पोरीला प्रश्न हा की तुम्हाला सांगणार कोण.

आता एक गोष्ट. ती मी आजवर एकाही पत्रात लिहिली नाही. मुद्दाम लिहिली नाही.

मधेच केव्हातरी रघुवीर डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांवरचं फडकं उचललं. पापण्यांवर उजेड पडला. ते म्हणाले, "सर, डोळ्यांतून पाणी येतंय. नाडीही पळतेय. उरलेलं देऊन टाकू का?" मला वाटलं, देव पावला. सगळा जीव मी डोळ्यांत आणला. आणि तुम्ही म्हणालात, "गॅसनं येतं रे पाणी. पूस आणि चालू दे."

त्यांनी पुसलं. फडकं परत टाकलं. चालू झालं.

हे मी तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. म्हटलं, पहिल्या पत्राला नाही तर दुसऱ्याला तुम्ही आपण होऊन लिहाल. माणूस आहे, आठवेल, टोचेल. तुम्ही कानावर पडलेल्या दोन शब्दांबद्दल लिहिलंत, पाढ्याबद्दल लिहिलंत, आणि हे गाळलंत. म्हणजे तुम्हाला आठवतंय. विसरलेला माणूस इतकं नेमकं गाळत नाही. म्हणूनच तुम्ही मला लिहीत नाही, भावाला लिहिता.

दसऱ्याला शस्त्रपूजेला तुम्ही येणार. मी त्याच्या आधी देवासला जाणार नाही. तांगा बोलावू देत, मी त्यात बसणार नाही.

भानुमती


मल्हारगंज
२४ ऑक्टोबर १९५३

डॉक्टर जयसिंगराव,

तुम्ही सोनं न लुटताच स्टेशनवर गेलात. त्याच्यानंतर इथे काय झालं ते तुम्हाला कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

तलवारींना हळदकुंकू वाहून झालं आणि मी दिवाणखान्याच्या मधोमध आले ते तुम्ही पाहिलंत. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "हिला आत न्या." ह्यांनी माझं कोपर धरलं. तेव्हा मी म्हटलं, "पूस आणि चालू दे." बस. तुमच्याशी जन्मात बोललेले माझे पहिले शब्द, आणि तेही तुमचेच.

तुम्ही ज्या तऱ्हेने खाली बसलात, ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या आईने पाहिलं. तुम्ही गेल्यावर त्या देवघरात जाऊन बसल्या आणि जेवल्या नाहीत. देवासचा विषय कुणी काढला नाही. दौलतराव सबंध अंगणात येरझारा घालत राहिले. मग हे माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "भानू, तू खरं बोलत होतीस." शुद्ध मराठीत.

तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. आग लागली अंगाला. मी पौषापासून ओरडून सांगते आहे, रडून सांगितलं, पायांवर डोकं ठेवून सांगितलं, तेव्हा ह्यांना खरं वाटलं नाही. दादासाहेब खुर्चीत मटकन बसले आणि लगेच खरं वाटलं! माझ्या पोटावर हातभर व्रण आहे, त्याची किंमत तुमच्या बसण्याएवढीसुद्धा नाही. मी ह्यांना म्हटलं, आता जरा बाहेर जा, मला तुमचं तोंड बघवत नाही.

आणि काल तुमचं कार्ड आलं. सौ. भानुमती यांस. अखेर!

"रघुवीरने विचारलं होतं. मी नको म्हटलं. औषध जास्त झालं तर पेशंट दगावण्याची भीती असते, म्हणून. प्रेमलताचं ऑपरेशन टाळण्यासारखं नाही. तू सांगशील तसं करू."

शेवटची ओळ ठेवते. पहिली ठेवते. मधली परत घ्या. भीती नव्हती ती. मी तुमचा चेहरा पाहिला नाही, पण आवाज ऐकला, आणि त्या दिवशी ऐकण्यापलीकडे मला दुसरं काही कामच नव्हतं. तुमच्या आवाजात भीती नव्हती, कंटाळा होता. जेवणाची वेळ होत आली होती.

आता मी सांगते तसं. प्रेमलता झोपेपर्यंत तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही. दाराजवळ बोलायचं नाही, बूट वाजवायचे नाहीत. मी तिच्या उशाशी उभी राहणार. ती गप्प झाली म्हणून रघुवीर डॉक्टरांनी तेवढ्यावर जायचं नाही, चिमटा काढा, पापणीला हात लावा, तुमच्या विद्येत जे असेल ते करा. मी दार उघडीन तेव्हा तुम्ही यायचं. आणि तिच्या डोळ्यांत टिपूसभर पाणी दिसलं तर हातातलं खाली ठेवून थांबायचं.

मी घाबरणार नाही असं नाही. तरी मी येणार आहे. कबूल असेल तर कळवा. मला.

भानुमती


मल्हारगंज
२६ नोव्हेंबर १९५३

डॉक्टर जयसिंगराव,

कार्ड पोचलं. प्रेमलता बरी आहे. टाके सुकलेत, कालपासून खिचडी खाते, आणि आईसाहेबांच्या हातची नको, जीजींच्या हातची पाहिजे म्हणून नखरे करते.

तुम्ही विचारलंय, सगळं तुझ्या मनासारखं झालं, आता तरी तुझा राग गेला का?

त्या दिवशीचं तुम्हाला निम्मंच माहीत आहे, कारण निम्मा वेळ तुम्ही बाहेर होतात. तेव्हा आधी ते ऐका. फाटकातून आत आल्यावर मला मोरीत ओकारी झाली, दोनदा. सिस्टर म्हणाली, बाईजी, आप घर जाइए. मी म्हटलं, चूळ भरायला पाणी दे. आत गेले तर तेच टेबल. तोच वास. रघुवीर डॉक्टरांना माझ्याकडे बघवेना. ते नुसतं म्हणाले, "बाई, आज सगळं देणार आहे मी. पूर्ण." मी मान हलवली. दुसरं काही केलं असतं तर मी तिथे त्यांच्या थोबाडीत मारली असती.

प्रेमलता थरथरत होती. काय म्हणू, काय म्हणू, मला काही येत नाही, म्हणायला लागली. मी म्हटलं, "आईसाहेबांच्या कागाळ्या सांग." तिने डोळे मोठे केले. मी म्हटलं, "सांग, इथे कोणी ऐकत नाही." मग काय विचारता! आईसाहेब साखरेला कुलूप लावतात, सेंव मोजून वाढतात, तिच्या माहेरचा लोणच्याचा बरणा आला तो सबंध लेकीकडे पाठवून दिला. रघुवीर डॉक्टर तोंडावरच्या फडक्याआड हसत होते. बोलता बोलता तिची जीभ जड झाली, लोणच्यावर अडखळली, थांबली. रघुवीर डॉक्टर म्हणाले, "गेल्या." मी म्हटलं, "बघा." त्यांनी चिमटा काढला. तिच्या कपाळावर आठी आली.

ती आठी मी पाहिली. त्यांनीही पाहिली. त्यांनी उरलेलं दिलं, परत चिमटा काढला, पापणीला हात लावला. काही नाही. कपाळ कसं साफ. मग मी जाऊन दार उघडलं.

तुम्ही पॅसेजमध्ये उभे होतात, धुतलेले हात वर धरून, पायांत कापडी जोडे. तो सगळा वेळ तसेच उभे होतात म्हणे. मी म्हटलं, "या आता." तुम्ही खालमानेने आत आलात. पुढे मी तिचे डोळे बघत राहिले, दुसरीकडे कुठेच बघितलं नाही. डोळे कोरडे होते. शेवटी सिस्टरने मला स्टुलावर बसवलं.

दुपार कलल्यावर प्रेमलताने डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. म्हणाली, "जीजी, कधी सुरू करणार हे लोक? मला भूक लागलीय."

मी म्हटलं, झालं सगळं. म्हणाली, चला, खोटं. हात घेऊन पट्टीवर ठेवला तेव्हा पटलं तिला. आणि मी तिथे खाटेवर बसून जी रडायला लागले ती मला थांबवेना. दौलतराव म्हणाले, आनंदाने रडतात. ह्यांनाही तेच वाटलं. तुम्ही दारातून बघत होतात, तुम्हालाही तसंच वाटलं असणार, म्हणून तर हे कार्ड लिहिलंत.

नाही, दादासाहेब. त्या पोरीला काही म्हणजे काही कळलं नाही, तिला नुसती भूक लागली होती. आणि त्यासाठी लागलं काय? पिचकारीतलं उरलेलं औषध. एक चिमटा. आणि तुम्ही दाराबाहेर थोडा वेळ उभं राहणं. तेवढंच. इतके महिने मी समजत होते की माझ्या नशिबातच काहीतरी अघोरी होतं, जे कुणाला टाळता आलं नसतं. त्या खाटेवर बसल्यावर मला कळलं की ते टाळायला इतकं थोडं पुरलं असतं, आणि तेवढंही माझ्या वाटेला कुणी दिलं नाही.

तेव्हा राग गेला का म्हणून मला विचारू नका. तो आत्ता कुठे नीट आलाय.

भानुमती